चार तासांचा बंद

(रविवार, २८ ऑक्टोबर २००७. ट्रॉय, मिशिगन. सकाळचे पावणेअकरा. नीलांबरीचं अपार्टमेंट; उघड्या दारात सहा खोकी.)

नीलांबरी : एक ऑक्टोबरला, सोमवारी, रात्री बारा वाजून एक मिनिटानं राज्य सरकार बंद पडलं. पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू झालं. आठला फूड कार्डाचं ऑफिस उघडलं, साडेनऊला इंटरव्ह्यूसाठी माझं नाव पुकारलं, आणि मी इथं घरी भाजी चिरत होती. कारण आदल्या संध्याकाळी अरुण लिमयांनी आमदारांच्या ऑफिसातून फोन करून सांगितलं, उद्या बंद आहे, जाऊ नकोस. एवढंच लिहिलं आहे, काकाजी. खाली सही करा.

अरुण : दोनदा वाचलं मी. ते ‘आमदारांच्या ऑफिसातून’ कशाला पाहिजे?

नीलांबरी : तिथूनच केला होता ना तुम्ही?

अरुण : केला होता. व्हॉलंटिअर म्हणून. माझ्या यादीत एक्केचाळीस नावं होती.

शोभना : अहो, तुमची यादी राहू दे. आधी ही खोकी आत घेऊ द्या, दारातून वारा येतोय. नीलांबरी, धर गं एका बाजूनं. जड आहे, सगळे छोलेच आहेत. पुरुषोत्तमनी अख्खा क्रेट आणून ओतला. आणि कुणीतरी भोपळ्याचा गर दिलाय, डबाबंद. त्याचं काय करायचं, पुऱ्या?

नीलांबरी : काकू, खोकी दारातच राहू द्या.

शोभना : अगं, पाऊस आला तर ओली होतील.

नीलांबरी : होऊ द्या. परत न्यायची आहेत तुम्हाला.

शोभना : परत? अगं, काल मंडळाच्या कोजागिरीला लोकांनी किती मनापासून दिलंय! मसाला दूध राहिलं बाजूला, लोक गाड्यांमधून डबे काढत होते. आणि ह्यांनी स्टेजवरून तुझं नावसुद्धा घेतलं नाही हं. मी बजावलं होतं, नाव घ्यायचं नाही.

नीलांबरी : ‘आपल्यातला एक इंजिनिअर फेब्रुवारीत गेला, मागे बायको आणि सात वर्षांची मुलगी’ असं माइकवर सांगितल्यावर नाव कशाला लागते, काकू? मी तिसऱ्या रांगेत बसून होती. माझ्या पुढच्या चार बायका एकदम मागे वळल्या.

अरुण : माझा हेतू...

नीलांबरी : हेतूचं नाही म्हणून राहिली मी. सहीचं म्हणून राहिली.

अरुण : हे बघ, कार्डाचं मी विसरलेलो नाही. पण ते सरकारी काम आहे, वेळ लागणार. तोपर्यंत घरात काही असावं म्हणून हे आणलं.

नीलांबरी : वेळ नाही लागत. शुक्रवारी मी पुन्हा गेली होती. माझ्या केसवर जी बाई आहे, ती म्हणाली, नवा अर्ज केला तर दीड महिना. अपील केलं तर एकोणीस नोव्हेंबरची तारीख. पण ज्यानं चुकीचं सांगितलं त्याचं लेखी आणलं, तर ती स्वतः बंद केस पुन्हा उघडते, त्याच दिवशी. मी विचारलं, माझं तोंडी चालणार नाही का? म्हणाली, मॅडम, त्या सोमवारी न आलेले सगळे हेच सांगून राहिले.

शोभना : मग टाका ना सही! त्यात काय एवढं? पेन देऊ का?

अरुण : शोभना, तू जरा थांब.

शोभना : अठ्ठावीस वर्षं थांबलेच आहे मी.

अरुण : कागद कुठे जातो ते तुला माहीत नाही. आमदारांनी त्या रात्री टॅक्स वाढवायला मत दिलं, म्हणून सरकार सुरू झालं. आता त्याच मतासाठी त्यांना पदावरून काढायला लोक सह्या गोळा करतायत. आपला निमिष इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये क्लिपबोर्ड घेऊन उभा असतो, मला बघितलं की मुद्दाम ‘काका, सही?’ म्हणतो. आणि मागच्या आठवड्यात साहेबांनी पेपरला सांगितलंय, माझ्या ऑफिसातून कुणालाही चुकीचा सल्ला गेलेला नाही.

नीलांबरी : गेला आहे ना पण.

अरुण : गेला. माझ्याकडून गेला. त्यांना माहीतच नाही.

नीलांबरी : तुम्ही सांगितलं नाही त्यांना?

अरुण : ...सांगायची वेळ आली नाही.

शोभना : म्हणजे ते पेपरात खोटे पडले, ते तुमच्यामुळे?

अरुण : त्यांना पाडलं तर पुढे जो येईल, तो पहिली कात्री ह्याच कार्डाला लावणार आहे, नीलांबरी. त्याच्या पत्रकात लिहिलंय तसं. मी तुझ्याच बाजूनं बोलतोय. एका केससाठी...

नीलांबरी : ती केस म्हणजे माझी ज्ञानदा आहे. माझ्या नावावर कार्ड नाहीच, ग्रीन कार्डाला पाच वर्षं होईपर्यंत मला मिळतही नाही. ती इथं जन्मली, म्हणून तिच्या वाट्याचं दूध, फळं, भाजी तिला मिळते. ते तिचं आहे, कुणी दिलेलं नाही. दुकानात कार्ड ओढलं की माझी मान खाली जात नाही, काकाजी. ह्या खोक्यांनी जाते.

शोभना : मान खाली कसली गं? आम्ही काय परके?

नीलांबरी : परके नाही, म्हणूनच. तुम्हाला माहीत नाही, मी काय कबूल करून बसली आहे ते. प्रसादच्या तेराव्याला मनोहर भाऊजी म्हणाले, पोरीला आणि तुला घेऊन चलतो. मी म्हटलं, ह्यांनी तिच्या शाळेसाठी हे गाव निवडलं होतं, मला बघू द्या. तर ते म्हणाले, बघ. पण ज्या दिवशी लोकांच्या दारात हात पसरायची वेळ येईल, त्या दिवशी आमच्या भावाची पोरगी आमच्या घरी येईल. मी हो म्हटलं. सगळ्यांसमोर.

अरुण : तू कुठे हात पसरलास? मी मागितलं.

नीलांबरी : नागपूरला हा फरक कोण ऐकते?

शोभना : पण नागपूरला कळतंय कशाला? डेट्रॉइटमधले छोले धरमपेठेत कोण सांगायला जातंय?

नीलांबरी : आज सकाळी आठला भाऊजींचा फोन आला, काकू. त्यांना खोक्यांचा आकडासुद्धा माहीत होता.

शोभना : अगंबाई.

अरुण : कोणी सांगितलं?

नीलांबरी : कोणीही. चांगल्या मनानंच सांगितलं असेल. ‘तुमच्या सुनेसाठी इथं किती लोक पुढे आले’, असं.

शोभना : मी म्हणत होते ह्यांना. म्हटलं, गुपचूप चार पिशव्या नेऊन ठेवू. नाही. ह्यांना स्टेज लागतं. माइक हातात आला की ह्यांना वाटतं, लॅन्सिंगची विधानसभा ऐकतेय.

अरुण : मला झोप येत नव्हती, शोभना. पंधरा दिवस. बारा तारखेला तिला पत्र आलं, केस बंद म्हणून, तेव्हापासून. काहीतरी करायला पाहिजे होतं.

नीलांबरी : एक विचारू? खरं सांगाल?

अरुण : विचार.

नीलांबरी : पहाटे चारला सुरू झालं. तुम्हाला कधी कळलं?

अरुण : सहाला. ऑफिसातून मेसेज होता.

नीलांबरी : माझा इंटरव्ह्यू साडेनऊला होता. साडेतीन तास होते.

अरुण : हो.

नीलांबरी : मग?

अरुण : हसशील. मला वाटलं, आज काही ते उघडत नाहीत. आपल्याकडे बंद मागे घेतला, तरी त्या दिवशी कचेरीत कुत्रं फिरकत नाही. दहा-अकराला एखादा शिपाई येतो, कुलूप काढतो, चहा पितो. आदल्या दिवशीच दूध आणून ठेवायचं आणि दिवस घरात काढायचा. चाळीस वर्षांपूर्वीची सवय. इथे एकतीस वर्षं झाली मला, टॅक्स भरतोय, मत देतोय, आणि त्या सकाळी मी पुण्यातल्यासारखा कूस बदलून झोपलो.

नीलांबरी : मी नाही हसणार. मीही तेच समजली. रेडिओवर सातला ऐकलं, सरकार सुरू झालं म्हणून. आणि तरी भाजी चिरत बसली. म्हटलं, काकाजींनी सांगितलं आहे, आणि आज कोण येते कामावर!

शोभना : बाकीचे चाळीस?

अरुण : अडतीस जण वेळेवर पोचले. ते इथले. त्यांनी टीव्ही बघितला आणि गेले. राहिले तिघं. ही, आणि हॅम्ट्रॅमॅकहून आलेलं एक बांगलादेशी जोडपं.

शोभना : म्हणजे मोजलंयत तुम्ही.

अरुण : मोजलंय.

नीलांबरी : मग त्यांच्यासाठीही हा कागद लागेल, काकाजी.

अरुण : प्रसादला विमानतळावर घ्यायला मी गेलो होतो. नोव्हेंबरात, पातळ स्वेटर घालून आला होता. माझ्या डिपार्टमेंटमध्ये मीच घेतलं त्याला. तुला काय वाटतं, मला ज्ञानदाचं काही नाही?

नीलांबरी : असं नाही वाटत. म्हणूनच तर दुसऱ्या कोणाकडे गेली नाही. निमिषनं विचारलं होतं मला. म्हणाला, ताई, तुमची गोष्ट आम्हाला द्या, आमदार आठवड्यात घरी बसतो. मी नाही म्हटलं. मला कोणाला घरी बसवायचं नाही. मला फक्त त्या बाईला कागद द्यायचा आहे.

अरुण : निमिषनं विचारलं?

नीलांबरी : दोनदा.

शोभना : आणि ही गप्प राहिली. ऐकताय ना?

अरुण : ऐकतोय. ...ठीक आहे. मी सही देतो. पण साहेबांना आधी सांगायला पाहिजे, त्यांना पेपरातून कळता कामा नये. उद्या ते दिवसभर लॅन्सिंगला आहेत, सेशन आहे. मंगळवारी सकाळी इथल्या ऑफिसात येतात. समोर बसून सांगतो, आणि तिथूनच तुझ्याबरोबर त्या बाईकडे येतो. मंगळवारी. शब्द देतो.

शोभना : आत्ताच करा ना.

अरुण : एक दिवसाचा प्रश्न आहे, शोभना. तो माणूस पहाटेपर्यंत उभा राहिला होता त्या मतासाठी. एवढं तरी देणं लागतो मी त्याचं.

ज्ञानदा : मम्मा, इज दिस फॉर अ पार्टी? सो मेनी बॉक्सेस!

शोभना : ये गं, ये, माझी राणी. केवढी उंच झालीस! पार्टी नाही, तुझ्या मम्माशी गप्पा मारायला आलोय आम्ही.

ज्ञानदा : आजी, गेस व्हॉट. नीलामावशी सेड आय गेट द विंडो.

शोभना : कसली विंडो, बाळा?

ज्ञानदा : ऑन द प्लेन. शी हेट्स द विंडो, सो आय गेट इट. बोथ प्लेन्स. मम्मा, कॅन आय टेक माय लायब्ररी बुक्स, ऑर डू आय हॅव टु रिटर्न देम फर्स्ट?

नीलांबरी : आत जा, सोनू. परत करायची की नाही ते बघू आपण. दार लावून घे.

अरुण : कसलं प्लेन?

शोभना : नीलांबरी?

नीलांबरी : माझ्या ओळखीच्या नीलाताई चौदा नोव्हेंबरला माहेरी चालल्या आहेत, नागपूरला. भाऊबीज झाली की. त्यांच्या बाजूची सीट रिकामी आहे. भाऊजींनी एजंटकडून तेवढी धरायला लावली. भारतातून आजच पैसे भरतो म्हणत होते. मीच म्हटलं, थोडं थांबा.

अरुण : तिला सांगितलंस? ज्ञानदाला?

नीलांबरी : मी नाही. नीलाताईंचा फोन आला तेव्हा तिनंच उचलला.

शोभना : आणि तू भाऊजींना काय सांगितलंस?

नीलांबरी : म्हटलं, कार्ड सुरू झालं तर पोरगी इथं राहील. ते म्हणाले, तसा कागद दाखव, मी काही बोलणार नाही. भाऊजी शब्दाचे पक्के आहेत.

अरुण : मग झालं तर. मंगळवारी दुपारपर्यंत...

नीलांबरी : सीट उद्या संध्याकाळी पाचपर्यंतच धरली आहे, काकाजी.