वामनरावांनी लेकीचा सिनेमा गल्लीला दाखवला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. एखादी वस्तू घेतली, तरी ती जागची हलली नाही, कुणाच्या घरातून काही कमी झालं नाही – मग ती चोरी होते का?... काय हो, खिशातला फोन आठवला वाटतं!

तर ऐका. वामनराव नावाचे गृहस्थ होते, पिठाची गिरणी चालवायचे. माणूस असा सरळ, की गिरणीच्या कापडी तोंडात अडकलेलं पीठसुद्धा झटकून झटकून गिऱ्हाइकाच्या डब्यात पाडायचे. लेक एकच, शर्वरी. तिनं सिनेमात आवाज टिपायचं काम धरलं. अहो, पडद्यावर भाकरी थापतात ना, तो आवाजसुद्धा कुणीतरी कुठून तरी टिपून आणतं बरं का!

तिचा पहिला सिनेमा शहरांत लागला, मग गावाकडं आला. गावात टॉकीज एकच. मालक म्हणाला, "रविवारी दुपारचा एक खेळ देतो. गर्दी झाली तर ठेवतो, नाहीतर उतरवतो."

शर्वरीनं फोन केला. "बाबा, आपल्याच गावात माझा सिनेमा पडला असं नको व्हायला."

"अगं, अख्खी गल्ली आणतो मी," वामनराव म्हणाले.

इथवर सगळं गोड. पण बापाला धीर कुठला! शनिवारी शेजारचे रामकिसन फोन घेऊन आले. "वामनराव, पोरीचा सिनेमा उतरवून घेतलाय. फुकटात. लावू का टीव्हीला?"

आणि या शहाण्या माणसानं काय म्हणावं? "थांबा, दार लावतो."

अहो, दार का लावलंत? सत्यनारायणाला कधी दार लावता का? माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कडीतच होतं, पण बघतो कोण!

मग मागच्या दारानं एकेकाला बोलावणं गेलं. "कुणाला सांगू नका" असं सांगत सांगत सगळी गल्ली गोळा झाली! शिरा झाला. फोनातला सिनेमा टीव्हीवर आला – तिरका! कुणीतरी थिएटरात लपून फोनवर टिपलेला तो. मध्येच कुणाचं डोकं आडवं येतंय, मध्येच कुणी खोकतंय. पण शेवटी शर्वरीचं नाव दिसलं मात्र, वामनरावांनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं! आता या माणसाला काय म्हणावं? चोरीच्या मालाची पूजा!

रविवार उजाडला. वामनराव हार घेऊन टॉकीजच्या दारात उभे. शेजारी शर्वरी. खेळाची वेळ झाली तरी माणूस फिरकेना. वामनराव तरातरा गल्लीत गेले, लेक मागोमाग.

"सुभद्राकाकू, चला की! खेळ सुरू होतोय."

काकू गहू निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "अहो वामनभाऊ, काल तुमच्याच घरी पाहिला ना. शिरा छान झाला होता."

शर्वरीनं ऐकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चला बाबा, आपण दोघं बघू."

रिकाम्या खुर्च्यांत बाप-लेक बसले. अर्धा सिनेमा झाला. पडद्यावर एक म्हातारी ओट्यावर येऊन बसली, आणि लांब कुठंतरी गिरणी सुरू झाली. पट्ट्याची ती फटफट, मग घरघर. वामनराव ताठ झाले.

"अगं, ही आपली गिरणी!"

"दिवाळीत आले होते ना, तेव्हा टिपली. तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, टॉकीजमध्येच कळू दे."

वामनराव आठवू लागले. काल टीव्हीवर सिनेमात याच जागी कुणीतरी खोकलं होतं, आणि गल्ली हसली होती. तेही हसले होते.

खेळ संपला. मालकानं पोस्टर उतरवलं. हार वामनरावांच्या हातातच राहिला. जन्मभर दुसऱ्याचं चिमूटभर पीठ न ठेवणारा माणूस, लेकीकडं मान वर करून बघू शकला नाही.

आता सांगा, वस्तू जागची हलली नाही, मग गेलं काय?

आणि अहो, तिसऱ्या रांगेतले, निळी टोपी! फोन खाली घ्या. कीर्तन टिपून घरच्यांना पाठवताय होय? म्हणजे त्यांनी लोळत बघावं! त्यांना इथं घेऊन या. उद्या हा मांडव रिकामा दिसला, तर मी हार घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?