हनुवटीचा पट्टा

अगं, हनुवटीखालची चरबी काढून घेतली ते सासूबाईंना सांगितलंच नव्हतं मी. त्या गावी गेलेल्या ना! डॉक्टर म्हणालेले, सूज आधी वाढेल, मग उतरेल, तोवर हनुवटीपासून डोक्यावरून पट्टा घट्ट बांधायचा. सूज इतकी चढली की आरशात बघून धडकीच भरायची. होता तो चेहरा तरी परत मिळेल ना? दुपारी गोळी घेऊन सोफ्यावर आडवी झाले, आणि सासूबाई ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परतल्या. दार उघडून अशी किंकाळी फोडली, अख्खी बिल्डिंग गोळा! मी ताडकन उठले, तर आणखीच किंचाळल्या.

"अहो आई, जिवंत आहे मी!"

"मग मेलेल्यासारखा जबडा कशाला बांधलास?" त्यांनी माझा गाल चाचपला. "केवढा सुजलाय हा चेहरा! मला वाटलं, कालच गेलीस."