शेवटची दोन बोटं

आदरणीय अध्यक्ष नामगुंगसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, शेजारच्या तिरंदाजी मंडपातून आलेले मित्र आणि जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

बसून बोललो तर चालेल ना? उभं राहायचा कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर सगळ्याचाच आलाय. धनुष्य खाली ठेवण्याचा हा विधी मी इतरांचा पाहिलाय, टाळ्या वाजवल्यात, वर तांदळाच्या दारूचा, माकगोल्लीचा वाडगाही रिचवलाय. आज माझाच आहे म्हटल्यावर वाडगा भरलेलाच समोर ठेवलाय.

गेली काही वर्षं माझा बाण लक्ष्याच्या अलीकडेच पडतो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत, पण कोणी बोललं नाही. अपवाद आमच्या मासळीबाजारातल्या मेंग हे-सुक बाईंचा. "काका, गवतच कापायचं असेल तर विळा घ्या की!" भर मैदानात म्हणाल्या. राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

धनुष्यच थकलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ते घेऊन आपल्या कारागीर प्योदादांकडे गेलो. त्यांनी ओढायला लावलं.

"झालं?"

"झालं."

"दोक्सू, तुझी मूठ पूर्वी कानामागे जायची. आता कानापाशीच थांबते. दोन बोटं कमी पडतात बघ."

मग म्हणाले, धनुष्य जितकं मागे न्यावं तितकं जड होत जातं. ती दोन बोटं सोडली की जोर उतरतो, आणि बाणाला ढकलायची वाटही तोकडी होते. घरी हे सांगितलं तर बायको म्हणते, "जेवताना बरा पोचतो हात किमचीच्या ताटलीपर्यंत!"

उपाय होता. टोकं कापून धनुष्य आखूड करायचं. आखूड धनुष्य लवकर जड होतं, माझ्या तोकड्या ओढीतही बाण पोचला असता.

"पण मग पुरी ओढ घेणाऱ्या माणसानं ओढलं की मोडेल," प्योदादा म्हणाले. "तुझ्यापुरतंच उरेल ते. बोल, कापू?"

कापा, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी करवत काढलीसुद्धा. पण ज्या शिंगाच्या धनुष्याला, दमट हवेत सरस सुटू नये म्हणून, पावसाळाभर उबेच्या पेटीत ठेवलं, माझ्या अंथरुणाहून जास्त जपलं, त्याचं टोक त्या दातांखाली बघवेना. राहू द्या, म्हटलं.

म्हणून आज थांबतोय. वाईट वाटतंय हो, फार वाटतंय. उद्या सकाळी उठून करायचं काय, ठाऊक नाही.

रिवाजानं हे धनुष्य मंडपाच्या भिंतीवर टांगायचं असतं. अध्यक्षसाहेब, रागावू नका, मी ते टांगणार नाही. मेंगबाई, या पुढे, हे आता तुमचं. हो, तुम्हीच! माशांच्या पेट्या उचलणारे हात तुमचे, लाजता कसल्या? ओढा. बाणाशिवाय दोरी सोडू नका हं, नुसतं ओढा. आणखी. कानापर्यंत आलं, आता आणखी दोन बोटं...

ऐकलंत? शिंगाची ती बारीक कुरकुर? मी विसरूनच गेलो होतो तो आवाज.

असो. या मंडपानं मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर म्हातारा दमलाय म्हणून पोटात घाला. पहिला बाण लावण्याआधी आपण रोज "धनुष्य शिकतोय" म्हणतो, आणि बाकीचे, बाण लक्ष्याला लागावेत म्हणून, "खूप लागू देत" म्हणतात. उद्यापासून मी त्या बाकीच्यांत.

मेंगबाई, खूप लागू देत.