बिनशेपटीचा के

...नाही, पण मला एक सांगा, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन कुणी म्हणतं का, "दातच तर आहे, त्यात काय एवढं, जरा तिरका बसवा, सोनेरी करा, आणि माझ्या मेव्हण्याला नाही आवडला तर परत काढा"? नाही म्हणत. खुर्चीत बसतात, आ करतात आणि गप्प राहतात. आणि हीच माणसं माझ्या दुकानात आली की यांना कंठ फुटतो... "फॉन्टच तर आहे, सांदुगाश, त्यात काय एवढं."

तुम्हाला सांगते, आमचं झानातास म्हणजे कझाक मुलखातलं खाणीचं गाव. खाणी बंद पडल्या तेव्हा अर्धं गाव सामान बांधून निघून गेलं, मागे राहिला तो वारा, आणि वारा तरी कसला, दुकानाचं दार उघडायला जावं तर गिऱ्हाईक आत यायच्या ऐवजी दाराला धरून पलीकडे जातं. मग टेकड्यांवर पवनचक्क्या आल्या, म्हणजे वाऱ्यालासुद्धा गावात नोकरी लागली. अशा गावात, नऊमजली इमारतीच्या तळमजल्यावर बसून मी लोकांचे बोर्ड करते. दुकानात एक कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि मी, आणि तिघांपैकी रोज कुणी ना कुणी बंद पडलेलं असतं.

तर दौलेतखान आगा आले, आगा म्हणजे आमच्यात दादा. जन्मभर ताराझच्या रस्त्यावर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर काय सुचलं तर बंद पडलेल्या लाँड्रीची जागा घेऊन समारंभाचा हॉल काढला. झुंबरं टांगली, पडदे लावले, खुर्च्यांना मागून रेशमी गाठी बांधल्या. पहिला समारंभ कुणाचा, तर त्यांच्याच तोल्गानायचा, म्हणजे लेकीच्या पाठवणीचा, आमच्यात पाठवणी लग्नाआधी माहेरीच होते, आणि व्याही शिम्केंतहून येणार. हॉलला नाव काय, तर कुत. कुत म्हणजे बरकत, घरात भरभराट, सगळं चांगलं. नाव छान आहे, मी काही म्हणत नाही. नावाला कोण काय म्हणेल?

"ऐनालायिन," आगा म्हणाले, आणि मी खुर्ची जरा मागे सरकवली. आमच्यात ऐनालायिन म्हणजे तुझ्यावरून स्वतःला ओवाळून टाकीन, इतका मायेचा शब्द. पण माझा अनुभव असा आहे की जे गिऱ्हाईक ऐनालायिन म्हणतं ते शेवटी मलाच ओवाळून टाकतं. "ऐनालायिन, मला फक्त या अक्षरात बोर्ड हवाय," असं म्हणून त्यांनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. तुर्की मिठाईचा डबा. मिठाई कधीच संपलेली, आत बटणं आणि सुया. झाकणावर सोनेरी अक्षरात, वेलबुट्टी काढल्यासारखं, इंग्रजी लिपीत 'लोकुम'.

"हा कुठला फॉन्ट आहे, आगा?"

"ते तू सांगायचं. शिकलीस ना तू?"

आता फॉन्ट ओळखायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगते. डब्याचा फोटो काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा, ते यंत्र विचार करतं आणि सांगतं की हे बहुतेक अमुक अक्षर असावं. मी फोटो टाकला. यंत्र म्हणालं, ही द्राक्षाची वेल आहे. दुसऱ्यांदा सरळ धरून टाकला, तर म्हणालं, अरबी. झाकण पुसलं, सुया बाजूला केल्या, उजेडात नेलं, तेव्हा कुठे त्याने पाच-सहा नावं सांगितली, आणि ती सगळी एकमेकांची चुलत भावंडं. एकाच्या ओ-ला पोट जास्त, दुसऱ्याच्या एम-चे गुडघे वाकडे. मी डोळे फुटेस्तोवर ताडून बघितली आणि एक सापडलं. अगदी तेच. मला इतका आनंद झाला की चहा प्यायचा विसरले.

आणि मग 'कुत' टाइप केलं. तीन अक्षरी शब्द, आणि उमटलं काय, तर चौकोन, चौकोन, टी.

कारण फॉन्ट तुर्कांसाठी केलेला, त्याला आमची अक्षरं कुठून माहीत असणार? आम्ही लिहितो रशियन लिपीत, आणि त्यात जिथे आमचा आवाज बसत नाही तिथे कुठे शेपटी, कुठे काडी लावून भागवतो. कुतचा पहिला क म्हणजे अगदी इंग्रजी के, फक्त त्याच्या पायाखाली बारकी शेपटी. मधलं अक्षर म्हणजे अगदी इंग्रजी वाय, फक्त त्याच्या दांड्यावर एक आडवी काडी. शेवटी टी, त्याला काही नको, तो गरीब आहे. मी म्हटलं ठीक, के घेऊ, वाय घेऊ, टी घेऊ, शेपटी आणि काडी हाताने काढू. त्यात काय एवढं. बघा, मीसुद्धा तेच म्हणाले.

ती शेपटी काढताना माझा जीव गेला. जाड केली तर के लंगडतोय असं वाटायचं, बारीक केली तर केस चिकटल्यासारखा. शेवटी वेलीच्याच वळणाची एक काढली, तशीच काडी काढली, आणि खरं सांगते, सुंदर दिसत होतं. मी आगांना दाखवलं.

"ऐनालायिन, ही शेपटी कशाला?"

"आगा, त्याशिवाय क होत नाही."

"डब्यावर नाहीये."

"डबा तुर्की आहे, आगा."

"उंदीर वाटतो. आणि मधल्याला ही काडी... खोडलंय असं वाटतं. काढून टाक. फॉन्टच तर आहे."

तेव्हा बालझान आपाई मदतीला आल्या. आपाई म्हणजे ताई, त्या आगांच्या बायको, शाळेत स्वयंपाक करायच्या, बोलतात थोडं पण एकदाच बोलतात. त्या म्हणाल्या, "शेपटी आणि काडी काढली तर कुतचं क्यूत होईल. क्यूत म्हणजे काय? थांब. लेकीच्या पाठवणीला दारावर 'थांब' लिहिणार का?"

आगा म्हणाले, "कोण एवढं बारीक वाचतं?" पण शेपटी राहू दिली. मी जिंकले. मला जिंकायची सवय नाही, त्यामुळे पुढे काय करायचं असतं ते मला कळलं नाही.

मोठी, आतून दिवे लागणारी अक्षरं आमच्या गावात होत नाहीत, ती ताराझला गेन्नादीकडे कापून घ्यावी लागतात. गेन्नादी गुणी माणूस, हात सोन्याचा, पण त्याला कझाक येत नाही. मी फाईल पाठवली. त्याची माणसं पाठवणीच्या दिवशीच आली, मी तेव्हा दुकानात जेवणाच्या टेबलांवरची नावं छापत होते, त्यांनी बोर्ड चढवला, वर पांढरं कापड बांधलं आणि निघून गेले. मी पोचले तेव्हा कापड बांधलेलंच होतं. ठरलं असं होतं की व्याह्यांची गाडी आली की मी बाजूला उभी राहून दोरी ओढायची, कापड पडेल, दिवे लागतील, आणि आगा आतल्या दाराशी माणसं घेऊन उभे राहतील, कारण बाहेर वाऱ्यात पाहुण्यांवर मिठाई उधळली तर ती पलीकडच्या गावाला मिळेल.

गाडी आली. मी दोरी ओढली. कापड तर वाऱ्याने असं नेलं की आजतागायत सापडलेलं नाही. दिवे लागले. सोनेरी, झगझगीत, डब्यावर होतं अगदी तसंच वळण...

के. वाय. टी.

शेपटी नाही. काडी नाही. आख्ख्या झानातासला दिसेल एवढ्या उजेडात लिहिलेलं, थांब.

व्याही येसिर्केप, भारदस्त माणूस, डोक्यावर फरची टोपी, गाडीचं दार उघडून त्यांनी एक पाय खाली टेकवला होता. त्यांनी वर बघितलं. वाचलं. आणि तुम्हाला सांगते, तो टेकवलेला पाय त्यांनी हळूच उचलला आणि परत आत घेतला. दार लावलं.

मी तिथल्या तिथे गेन्नादीला फोन लावला. म्हटलं, "गेन्नादी, शेपटी कुठाय?"

"कुठली शेपटी?"

"के-ची. आणि वायवरची काडी."

"अगं ते होय," तो म्हणाला, इतका खूश होऊन म्हणाला की मला त्याच्यावर ओरडताही येईना, "तुझ्या फाईलमध्ये कचरा चिकटला होता. मी साफ करून दिली. त्याचे वेगळे नाही घेतले हं."

मी आत धावले. आगा नव्या कोटात, हातात मिठाईचं ताट. "आले का? मग येत का नाहीत आत?"

"आगा, ते बोर्ड वाचतायत."

"वाचू दे की," आगा म्हणाले, आणि छाती अशी पुढे काढली, "त्यासाठीच तर लावलाय. सावकाश वाचू दे."

"आगा, त्यावर चुकून..."

"अगं फॉन्टच तसा आहे, माणूस बघतच राहतो."

मग काय, बाहेर ते थांबलेत, कारण लिहिलंय थांब, मोठ्या घरची काही पद्धत असेल. आत हे थांबलेत, कारण पाहुणे बोर्ड बघून तृप्त होतायत. मटण निवतंय, नवरी पडद्याआड उभी, तिचा उंच मुकुट वाकडा होतोय, आणि ढोलकवाल्याने दोनदा सुरुवात करून दोनदा थांबवलं. मी खिडकीचा पडदा सारून पाहिलं तर गाडीतले चेहरे बदलायला लागले होते. आधी कुतूहल होतं, मग कंटाळा, मग येसिर्केप टोपी काढून मांडीवर ठेवून सरळ समोर बघत बसले. माणूस टोपी काढून सरळ समोर बघायला लागला की समजा, तो लग्न मोडायचा विचार करतोय. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

मी बालझान आपाईंचा हात धरला आणि कानात सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि बाहेर गेल्या, मी मागून. वाऱ्यात वाकून वाकून गाडीपर्यंत पोचल्या, दार ठोठावलं. दार उघडलं.

येसिर्केप म्हणाले, "वहिनी, आम्ही वाचलं. थांबायला सांगितलंत, थांबलो. किती थांबायचं तेही लिहायचं होतं."

हे संपलं, मी मनात म्हटलं. पोरीचं लग्न मोडणार, आणि गाव म्हणणार, सांदुगाशच्या फॉन्टने मोडलं.

आपाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, ते तुम्हाला कुठे लिहिलंय? ते आमच्या ह्यांना लिहिलंय."

"म्हणजे?"

"क्यूत. पाहुण्यांची उठबस कर, सेवा कर. जन्मभर बस चालवली, ह्यांना फक्त गाडीत माणसं बसवता येतात, घरात बसवता येत नाहीत. म्हणून मीच लिहून घेतलं दारावर. रोज वाचतील तर शिकतील."

आता आमच्या भाषेत थांबणं आणि पाहुण्याची सरबराई करणं, दोन्हीला तोच शब्द आहे, हे मलाही माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्या वेळी, त्या वाऱ्यात, मला नाही सुचलं. येसिर्केपांनी वर पाहिलं. पुन्हा वाचलं. मग हसू आलं ते आधी मिशीत दाबलं, पण त्यांची बायको मागून म्हणाली, "आपल्याही दारावर लावून घेऊ या हो असंच," आणि सगळी गाडी हसली. टोपी डोक्यावर गेली. उतरले. आत मिठाई उधळली, तोल्गानाय रडत रडत सासरी गेली, सगळं रीतसर झालं. आपाई कोपऱ्यात बसून गार मटण खात होत्या, डोक्यावरचा रुमाल अजून तसाच घट्ट, ते फक्त मी बघितलं.

तुम्ही म्हणाल, मग झालं की चांगलं. थांबा, म्हणजे... हो, थांबाच.

दुसऱ्या दिवशी मी गेले. म्हटलं, आगा, शेपटी आणि काडी कापून आणते, फुकट लावून देते, चिकटवायला काही वेळ लागत नाही. आगा म्हणाले, "कशाला? व्याह्यांना आवडला. मी तेव्हाच म्हणत होतो उंदीर नको." म्हटलं, आगा, हॉलचं नाव कुत आहे, कागदोपत्री कुत आहे. म्हणाले, "ऐनालायिन, कागद कोण बघतं?" आपाईंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. हे रोज वाचतात."

आता गावात कुत कुणी म्हणतच नाही. "कुठे आहे समारंभ?" "थांबमध्ये." आणि तसंही म्हणे आमची लिपी पुन्हा बदलणार, पुन्हा इंग्रजीसारखी होणार. माझे पणजोबा एका आयुष्यात तीन लिप्या शिकले, आधी अरबी, मग इंग्रजीसारखी, मग रशियन, तीनदा सही बदलली, आणि शेवटी वैतागून अंगठा लावायला लागले. मी त्यांना तेव्हा अडाणी समजत होते.

आणि परवा शिम्केंतहून फोन. येसिर्केप स्वतः. चहाचं दुकान काढतायत. "पोरी, तो तुमच्या थांबचा फॉन्ट आहे ना, तोच दे मला." मी म्हटलं, देते आगा, नाव काय आहे? त्यांनी नाव सांगितलं. भलंमोठं नाव, दर दुसऱ्या अक्षराला शेपटी, मध्ये दोन काड्या, एकावर टिंबं. मी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हटलं, आगा, यातली शेपटं...

"ती काढून टाक," ते म्हणाले. "तुमच्या तिथे नव्हती, म्हणून तर छान दिसत होतं. फॉन्टच तर आहे."

पूर्वी मी भांडले असते. आता गेन्नादीला फाईल पाठवताना खाली लिहून टाकते, कचरा असेल तर काढून घे. तो म्हणतो, हल्ली तुझं काम फार स्वच्छ असतं.