दुसरी सही

इर्मेली : सिनेमातल्या त्या प्रयोगशाळेतल्या बाईनं हातमोजे बदलले नाहीत. मेलेल्या मुलीचा स्वेटर घडी करून ठेवला आणि त्याच हातांनी आरोपीचं जॅकेट उलगडलं. अकरा सेकंद कॅमेरा तिच्या हातांवर होता.

ताउनो : सेकंद मोजलेस? अगं, प्रयोगशाळा सोडून नऊ वर्षं झाली आपल्याला. सिनेमा बघायचा सोडून तपासणी कसली करतेस? दिग्दर्शकाची चूक असेल.

इर्मेली : चूक असती तर कॅमेरा तिथे थांबला नसता.

ताउनो : बरं बाई. मला आवडला. काळाकुट्ट, पण खरा. तो चिखल, ती बंद पडलेली गिरणी, संगीत नावालाही नाही. नायक म्हणावा असा एक माणूस नाही. खुनी पकडला तरी सुटल्यासारखं वाटत नाही.

इर्मेली : खुनी पकडलाच नाही, ताउनो.

ताउनो : म्हणजे? तो ट्रकवाला?

इर्मेली : त्याच्याविरुद्ध फक्त त्या स्वेटरचे धागे होते. तिच्याच हातमोज्यांना चिकटून जॅकेटवर गेलेले. शेवटी चेहरा कोणाचा दाखवला?

ताउनो : त्या बाईचा. भांडी घासताना. मला वाटलं, उगाच लांबवलंय.

इर्मेली : खून दोन मिनिटांत संपतो. उरलेले दोन तास सगळी चांगली माणसं आपापलं काम वेळेत उरकतात. खोटं कोणी बोलत नाही. फक्त कोणी विचारत नाही. सिनेमा त्याबद्दल आहे.

ताउनो : तुझी कॉफी गार होतेय. आणि तो दालचिनीचा पाव खाणार नसशील तर...

इर्मेली : घे. एस्को हुओतारीची केस आठवते?

ताउनो : इथे नको.

इर्मेली : इथे आहे कोण? अख्ख्या कुओपिओत दुपारच्या खेळाला आपण दोघंच. तिकीटवालीसुद्धा आत गेली. जुहान्नुसचा आदला दिवस होता. उन्हाळ्याच्या त्या सणाला सगळे तळ्याकाठच्या घरांकडे निघालेले. तुझी गाडी खाली उभी, टपावर होडी.

ताउनो : बायको हॉर्न वाजवत होती.

इर्मेली : खून झालेल्या मुलीचा स्वेटर आणि एस्कोचं जॅकेट मी एकाच टेबलावर तपासलं. जॅकेटसाठी ठेवलेल्या दुसऱ्या खोलीची किल्ली घेऊन शिपाई गावी गेला होता. थांबले असते तर सण हुकला असता. टेबल नुसतं पुसलं, वर नवा कागद अंथरला नाही. जॅकेटवर तिच्या स्वेटरचे सात लाल धागे सापडले.

(ताउनो हातातला पाव बशीत परत ठेवतो.)

ताउनो : तेव्हा सांगितलं नाहीस मला.

इर्मेली : तू विचारलं नाहीस. नियम होता, दुसऱ्यानं नोंदी वाचायच्या, स्वतः सूक्ष्मदर्शकात बघायचं, मग सही. तू उभ्या उभ्या सही केलीस. म्हणालास, तू पाहिलंयस ना, मग झालं.

ताउनो : विश्वास होता म्हणून! तुझ्याइतकं काटेकोर तिथे होतं कोण?

इर्मेली : म्हणून तर कोणी पाहिलं नाही.

ताउनो : केलाही असेल त्यानं खून. तुला काय ठाऊक?

इर्मेली : नाही ठाऊक. पण ठाऊक आहे, असं आपण लिहून दिलं.

ताउनो : तेरा वर्षं भोगून सुटला तो. बाजारात माशांच्या पेट्या उतरवतो. आता काय परत देणार आहेस त्याला?

इर्मेली : काही नाही. त्याची आई फेब्रुवारीत गेली. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर होते. पुढच्या बाकावर तो एकटा. सख्खी बहीणसुद्धा शेजारी बसली नाही. आई तेरा वर्षांत एकदाही तुरुंगात भेटायला गेली नाही म्हणे. माझ्या सात धाग्यांवर विश्वास ठेवून गेली.

ताउनो : इर्मेली, माझी नात यंदा पोलिसांत लागलीय. तिला काय सांगू मी?

इर्मेली : ते तू ठरव. मला आता गप्प बसायचं नाही.

ताउनो : मग थोडं थांब. निदान हा हिवाळा...

इर्मेली : दर वर्षी हेच ठरवते. जुहान्नुस होऊ दे, मग. असे एकोणीस जुहान्नुस झाले.

ताउनो : आणि माझी सही?

इर्मेली : ती कागदावर आहे. मला खोडता येत नाही.

ताउनो : हा मेला सिनेमा! मीच म्हटलं तुला, चल म्हणून.

इर्मेली : पाव संपव, ताउनो. उद्या सकाळी नऊ वाजता मी सरकारी वकिलांना जाऊन सांगणार आहे, की ते दोन्ही कपडे एकाच टेबलावर होते.