बॉयलरसमोरची काच

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासरे-जावई नंबरची वाट बघत होते.

"जावईबापू, कारखान्यात तुम्ही नेमकं करता काय?"

"सगळी यंत्रं कॉम्प्युटरला जोडतो, बाबा. साहेबांना खुर्चीत बसून सगळं दिसतं."

"तो जुनापुराणा बॉयलरसुद्धा?"

"त्याच्या दाबाच्या काट्याला वायर जोडायची सोयच नाही. म्हणून त्याच्यासमोर कॅमेरा लावला."

"वाफेनं कॅमेऱ्याची काच धुरकटत असेल की!"

"पुसायला माणूस ठेवलाय ना."

"कोण?"

"पूर्वी काटा बघायचा, तोच."

"मग बरंय. काटा लाल रेषेवर गेला की तो वाफ सोडेल."

"छे हो! वाफ आता साहेब सोडतात, कॉम्प्युटरवरून. त्याला झडपेला हात लावायला सक्त मनाई."

"आणि साहेब जेवायला गेले असले तर?"

"तर बिचारा जीव तोडून काच पुसतो."