सुंदरीचं इंटरनेट बिल

...नाही, तुम्हीच सांगा मला, म्हशीला इंटरनेटचं बिल येतं का हो कुठं? आलं की! आमच्या जोतीरामला आलं! आणि हे अगदी खरं सांगतोय, अंबाबाईची शपथ, एक शब्द इकडचा तिकडं केला तर ही जीभ झडू दे, मी स्वतः या डोळ्यांनी बघितलंय... म्हणजे बघितलं ते जोतीरामनं, मी त्या दिवशी सांगलीला लग्नात जेवत होतो, पण बघितल्यासारखंच की! आणि शपथेचं म्हणाल, तर शपथ काय, आम्ही चहा उधार मागतानासुद्धा घेतो. पण हे खरं आहे. बऱ्यापैकी.

तर तुम्हाला सांगतो, हा जोतीराम आमच्याच गल्लीतला. शिरोलीला फौंड्रीत कामाला, सकाळी गोरा जाणार, संध्याकाळी काळा येणार. बायको चिमणाबाई, तिचं गंगावेशीत ब्लाऊज शिवायचं दुकान. एक पोरगी पूर्णिमा, ती दिली हातकणंगल्याला. म्हणजे घरात राहिलं कोण? जोतीराम, चिमणाबाई आणि सुंदरी. सुंदरी म्हणजे म्हैस. अशीतशी नाही हां! दिवाळीच्या पाडव्याला शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात हुपरीचे चांदीचे तोडे (चांदीचे असं जोतीराम म्हणतो, आपण कशाला घासून बघा!), आणि जोतीराम पुढं मोटरसायकल घेऊन, सायलेन्सर काढून, फाट् फाट् फाट् फाट्, आणि त्या आवाजामागं ही शेपटी वर करून अशी सुटते, अशी सुटते, की रस्त्यातली माणसं दुकानात आणि दुकानातली माणसं माळ्यावर! आम्ही ह्याला सण म्हणतो. बाहेरगावचे ह्याला ट्रॅफिक म्हणतात. असो.

आता जरा गंभीर गोष्ट आहे, हसू नका. गेल्या खेपेला ही सुंदरी भर दुपारी व्याली. घरात चिटपाखरू नाही. गोठा घराच्या मागं, बोळातनं पलीकडं, कुणाला पत्ता नाही. रेडी झाली होती, म्हणजे मादी रेडकू, चांगली ठणठणीत, पण जन्मताना नाकावर आलेला पडदा काढायला माणूस नको? श्वास कोंडला. संध्याकाळी जोतीराम येऊन बघतो, तर सुंदरी गार पडलेल्या पिलाला आपली चाटतीय... चाटतीय... तो माणूस त्यानंतर कित्येक रात्री गोठ्यातच झोपला. आणि औंदा सुंदरी परत गाभण राहिली, तसं ह्यानं ठरवलं, आता काही झालं तरी नजर हटवायची नाही. पण फौंड्री कोण सोडणार? लग्नसराईत ब्लाऊजचं दुकान कोण बंद ठेवणार? मग गोठ्यात कॅमेरा बसवला, कॅमेऱ्याला पाहिजे इंटरनेट, म्हणून ‘सुसाट फायबर’चं कनेक्शन घेतलं. आता कामावरनं मोबाईलमध्ये सुंदरी दिसणार! फौंड्रीतले सगळे जेवणाच्या सुट्टीत बसून म्हैस बघायला लागले की हो.

कंपनीचा माणूस आला, ‘काका, फक्त इथं बोट लावा, बाकी सगळं आमच्याकडं लागलं.’ जोतीरामनं लावलं बोट. करार वाचला का? अहो, आपल्यात लग्नाची पत्रिकासुद्धा जेवणाची वेळ बघण्यापुरतीच वाचतात, करार कोण वाचतंय! आणि तेवढ्यात त्या माणसानं विचारलं, ‘काका, वायफायला नाव काय देऊ?’ इथं, इथं आमच्या माणसानं माती खाल्ली! साधं ‘घर’ म्हणायचं की नाही? पण कोल्हापूरचं पाणी! छाती पुढं काढून म्हणतो, ‘जोतीराम डेअरी अँड सन्स.’ म्हैस एक! सन्स शून्य! आणि डेअरी म्हणजे काय, तर सकाळी घरच्या चहाला ठेवून उरलेलं दूध शेजाऱ्यांना.

झालं. पुढच्या बिलात आकडा दुप्पट! खाली बारीक मुंगीच्या अक्षरात: व्यावसायिक वापर आकार, गोठा हे स्वतंत्र स्थळ त्याचा वेगळा आकार, आणि दोन्ही आकारांवर परत कसला तरी आकार. बुधवारपर्यंत भरा, नाहीतर कनेक्शन तोडू. आणि तोडलं तरी कराराचे उरलेले महिने भरावेच लागतील!

जोतीराम उडालाच. ‘म्हंजे ठेवलं तरी भरायचं, तोडलं तरी भरायचं? गणपती मंडळाची पट्टी तरी वरसातनं एकदाच असती की! आणि धंदा कसला? म्हस घरची हाय की!’

चिमणाबाई आतनं म्हणाली, ‘दूध इकतोय की आपण.’

‘तू गप! उरल्यालं इकतोय!’

आणि जनावरांच्या डॉक्टरनं सांगून ठेवलेलं, सुंदरी ह्याच आठवड्यात व्यायची. म्हणजे बुधवारी कंपनी कॅमेरा आंधळा करणार आणि गुरुवारी ही व्यायला बसणार! गेल्या वर्षीसारखं! मग काय, लावला फोन. एक दाबा, दोन दाबा, मध्येच सनई, परत एक दाबा... शेवटी एक गोड आवाज आला, ‘सुसाट फायबरमध्ये आपलं स्वागत आहे, मी आफशीन बोलतेय.’

‘ताई, बिल ज्यादा आलंय.’

‘आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत सर.’

‘दिलगीर नगा हू, कमी करा.’

‘सर, करारानुसार घरगुती जोडणी फक्त कुटुंबातल्या सदस्यांसाठी असते.’

‘मग सुंदरी घरचीच हाय की!’

‘बरं सर. सुंदरी मॅडम घरून काही काम करतात का?’

‘काय न्हाय वो. दिवसभर बसून रवंथ करती.’

पलीकडं कीबोर्डची टकटक. मग त्या बाई, नियमानं चालणाऱ्या बिचाऱ्या, म्हणाल्या, ‘सर, मॅडमशी बोलणं होईल का?’ आणि आमचा जोतीराम, हा एक नंबरचा सरळ माणूस, मोबाईल घेऊन गेला की गोठ्यात! धरला सुंदरीच्या तोंडापुढं! तिनं पोटातनं असा हंबरडा काढला, की पलीकडनं आफशीनबाई म्हणतात, ‘मॅडम, आपला आवाज तुटतोय.’

तिथं काय दाद लागेना, तसा हा थेट स्टेशन रोडला कंपनीच्या ऑफिसात. आत गारगार एसी, आणि त्या गारव्यात यशराज साहेब. मॅनेजर. पुण्याचा माणूस, बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री. ‘हे बघा, कलम स्पष्ट आहे. डेअरी असं नाव आपणच दिलंत. भावनांना करारात जागा नाही.’

‘साहेब, म्हस घरची हाय की!’

‘तसं असेल तर मी बुधवारी स्वतः पाहणीला येतो. व्यवसाय दिसला, तर जोडणी तिथंच खंडित करू.’

आता दुसरा कुणी असता तर बुधवारी दार लावून बसला असता. पण आमचं कसं आहे, पावणं घरला यायचं म्हटलं की डोकं बंद पडतं आणि चूल पेटते! साहेबाची मोटार आमच्या बोळात शिरायची नाही, म्हणून जोतीराम रजा टाकून त्याला आणायला मोटरसायकलवर स्टेशन रोडला! आणि चिमणाबाई? ‘पावण्याला पांढरा रस्सा नगं?’ म्हणत दुकान बंद करून मटणाच्या रांगेत! बुधवार म्हणजे मटणाचा वार, त्या दिवशीची रांग तुम्हाला सांगायला नको. तो माणूस कनेक्शन तोडायला येतोय, आणि हे दोघं त्याच्या पाहुणचारासाठी घर उघडं टाकून बाहेर! आणि गोठ्यात सुंदरी एकटी. कळलं ना मला काय म्हणायचंय ते?

यायला लागले. पुढं जोतीराम, मागं यशराज साहेब, पोटाशी बॅग. दसरा चौकात गर्दी, तसा जोतीरामनं खिशातनं मोबाईल काढून, गोठ्याचा कॅमेरा लावून मागं दिला, ‘धरा साहेब. बघा तुमीच, धंदा दिसतोय का घर दिसतंय.’

साहेब बघायला लागले.

‘अहो जोतीराम, त्या बसल्या.’

‘बसू द्या.’

‘उठल्या... परत बसल्या. शेपटी वर केलीय.’

जोतीरामचे कान टवकारले.

‘आणि... अहो! पाय! पाय दिसतायत मागून!’

‘कुणाचं?’

‘मला काय माहीत कुणाचे!’

तुम्हाला सांगतो, त्या गाडीनं दसरा चौक ओलांडला का दसरा चौकानं गाडी ओलांडली, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही! सिग्नल लाल का हिरवा कोण बघतंय! आणि नेमक्या त्या क्षणाला मोबाईलमध्ये चित्र थांबलं. गोल गोल चकरी फिरायला लागली. साहेब मागनं किंचाळले, ‘काय भिकार नेट आहे हे! कुठल्या कंपनीचं घेतलंत?’

‘तुमच्याच की!’

बोळात शिरले, सायलेन्सर तसा ढिलाच होता, फाट् फाट् फाट्, आणि तो आवाज ओळखून सुंदरीनं आतनं जी साद दिली ना... जोतीरामनं गाडी तशीच भिंतीला टेकवली. धावत आत जातो तर पिल्लू खाली पडलेलं, नाकातोंडावर पडदा, हालचाल नाही. आणि सुंदरी घाबरून नाचतीय, पाय पिलावर पडतोय का काय! ह्यानं तिची शिंगं धरली, दोन्ही हात गुंतले, आणि ओरडला, ‘साहेब, नाक! नाक मोकळं करा!’

‘कशानं?’

‘हातानं!’

आणि तो इस्त्रीचा माणूस, बॅग टाकली शेणात, गुडघे टेकले, बोटं घातली, पडदा फाडला. काही नाही. ‘काडी घाला नाकात!’ घातली काडी. काही नाही. ‘चोळा! छाती चोळा!’ चोळतोय, घाम गळतोय, तोंडानं ‘अगं ऊठ, अगं ऊठ ना’ चाललंय... आणि एकदम पिलानं दिली शिंक! साहेबाच्या तोंडावर! आणि साहेब उठून असे नाचले, जणू खासबागेत ह्यांनीच कुस्ती मारली, ‘शिंकली! जोतीराम, शिंकली!’

जोतीराम तिथंच गव्हाणीला टेकला. खाली बसला. गेल्या वर्षीपासनं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बोळात टाकला, असं वाटलं त्याला. रेडी होती, काळीभोर, कपाळावर चंद्र.

तेवढ्यात चिमणाबाई मटण घेऊन दारात. बघते तर वैरणीत एक परका माणूस मांडीवर रेडी घेऊन बसलेला.

‘ह्ये कोण वो?’

‘कनेक्शन तोडाय आल्यात.’

‘मग? तोडलं?’

‘अजून हात धुवायच्यात त्यांचं.’

धुतले. जोतीरामचा सदरा घातला, पाटावर बसले, आणि पांढरा रस्सा असा वरपला की चिमणाबाई पातेलं तिरकं करून वाढत होती. आणि जेवण झाल्यावर बॅगेतनं कागद काढला, त्यावरचं शेण पुसलं आणि सगळे आकार खोडून ठळक अक्षरात लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. म्हैस घरची आहे.’ खाली सही!

...काय? नाही पटत? बरं बाबा, पाणी द्या जरा. आता तुम्ही असे बघायला लागलात म्हणून सांगतो. सगळं खरं आहे हो. शिंक खरी, चकरी खरी, रेडी तर इतकी खरी की गल्लीभर उधळतीय. तेवढं एक ते कागदावरचं, आकार खोडल्याचं आणि सहीचं, ते मी माझ्या मनानं घातलं. इतकं सगळं झाल्यावर गोष्टीत तरी माफ व्हावं, असं मला वाटलं. कनेक्शन तोडलं नाही एवढंच, पण कंपनी कुठली माफ करतीय! यशराज साहेब आता दर रविवारी येतो, रेडीला स्वतःच्या हातानं गूळ चारतो, तिच्या गळ्यात गळा घालतो, डोळे पुसतो... आणि महिना भरला की जाताना जोतीरामच्या हातात बिल देऊन जातो. दुप्पटच.